न पाहिलेला फरा

खांदा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येक माणसाला मी कितीतरी वर्षं एकच गोष्ट सांगत आलो: खांदे मागे घ्या, खाली ओढा आणि तसेच धरून ठेवा. मोंढ्यातल्या हमालाला तेच, शाळेतल्या बाईंना तेच, कापूस वेचणाऱ्या मावशींना तेच आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनाही तेच. मी परभणीत फिजिओथेरपीचा दवाखाना चालवतो. हे वाक्य मी कुठून उचललं ते आता सांगता येणार नाही. कॉलेजात ऐकलं असेल, वरिष्ठांच्या तोंडी ऐकलं असेल. पण ते कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, हे मी तपासलं नाही. त्यातून काही माणसांचा वेळ गेला, काहींचं दुखणं वाढलं आणि एका बाईंचं जे नुकसान झालं ते भरून निघालं नाही. आता तालुक्याच्या गावांतही फिजिओथेरपिस्ट बसू लागलेत, आणि माझ्या हातून ज्या कारणांनी चुका झाल्या ती कारणं त्यांच्याही दवाखान्यात हजर आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

फरा म्हणजे खांद्यामागचं त्रिकोणी, चपटं हाड. बरगड्यांशी त्याचा हाडाला हाड लागून सांधा नाही. पुढे गळ्याच्या हाडाशी तेवढं जोडलेलं, बाकी सगळं स्नायूंच्या भरवशावर. आपण हात डोक्यावर नेतो तेव्हा खांद्याच्या सांध्याबरोबर हा फराही फिरत असतो. इनमन, साँडर्स आणि अ‍ॅबट या तिघांनी १९४४ साली हे मोजून मांडलं. हात १५ अंश वर गेला तर साधारण १० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ५ अंश फऱ्यातून. म्हणजे हात पूर्ण वर जाताना १८० पैकी जवळजवळ ६० अंश फऱ्याचे. पुढे झालेल्या मोजमापांत हे प्रमाण माणसागणिक आणि उंचीगणिक बदलतं असं दिसलं, पण मूळ गोष्ट टिकली. फरा फिरला नाही तर हात वर जात नाही, आणि गेलाच तर दुखत जातो.

फिरवण्याचं काम मुख्यतः तीन ठिकाणांहून होतं. मानेपासून खांद्याकडे उतरणारा ट्रॅपेझियसचा वरचा भाग, पाठीच्या मध्यातून तिरपा वर येणारा त्याच स्नायूचा खालचा भाग, आणि बरगड्यांवरून निघून फऱ्याच्या आतल्या कडेला चिकटलेला सेराटस अँटेरियर. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एक इकडे ओढते, दुसरी तिकडे, आणि जातं गोल फिरतं. फऱ्याचं तसंच आहे. ओढ वेगवेगळ्या दिशांची, परिणाम मात्र फिरण्याचा. यातला एक जरी कमी पडला तरी फिरणं बिघडतं.

आता ‘मागे-खाली ओढून धरा’ या माझ्या आज्ञेकडे पाहा. मागे आणि खाली ओढणाऱ्या स्नायूंपैकी काही फऱ्याला नेमकं उलट्या दिशेनं फिरवतात. हात वर न्यायचा तर फऱ्याची खोबण वर वळायला हवी, आणि मी सांगत होतो की ती खाली दाबून ठेवा. काही लोकांना त्यानं बरं वाटायचं, कारण त्यांचा त्रास खरोखरच खांदे कानाशी चढवण्याचा होता. त्या लोकांच्या बरं होण्यावर माझा विश्वास पोसला गेला. ज्यांना बरं वाटलं नाही ते परत आले नाहीत, आणि न आलेल्या माणसाचा हिशेब दवाखान्यात कुणी ठेवत नाही.

मोंढ्यातला एक हमाल मात्र परत परत येत राहिला. पन्नास किलोची पोती पाठीवर आणि मानेच्या मुळावर घेऊन ट्रक भरण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्याचे खांदे उतरलेले होते. गळ्याचं हाड बाहेरच्या टोकाला किंचित वर असतं, त्याचं उजवीकडचं सरळ खाली कललेलं होतं. हे मला दिसलं होतं. दिसलं नाही असं म्हणणार नाही. पण त्यालाही मी मागे-खाली ओढायला लावलं. तो म्हणायचा, “डॉक्टर, तुमचा व्यायाम केला की रात्री हात जास्तच ठणकतो बघा.” मी उत्तर द्यायचो, “सुरुवातीला दुखणारच मामा, बंद करू नका.” त्याचा ठणका हीच खरी तपासणी होती, आणि ती मी सुरुवातीचं दुखणं म्हणून बाजूला सारत होतो.

याच सुमाराला माझ्या हाती बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या अ‍ॅन कूल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ सालचा अभ्यास आला. ४५ निरोगी माणसं, नेहमी दिले जाणारे १२ व्यायाम, आणि त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून मोजलेली स्नायूंची विद्युत हालचाल. प्रश्न असा होता: कोणत्या व्यायामात ट्रॅपेझियसचा वरचा भाग कमी आणि मधला-खालचा भाग जास्त काम करतो? उत्तरात निघालेल्या चार व्यायामांपैकी दोन कुशीवर झोपून करायचे होते, दोन पालथं पडून. कुशीवर झोपलं की हाताचं वजन सावरायला वरच्या भागाला फारसं जुंपून घ्यावं लागत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

मी ते चार व्यायाम छापून भिंतीवर लावले. मला वाटलं, आता आपल्या सांगण्याला पुरावा मिळाला. अभ्यासात चूक नव्हती, माझ्या वाचनात होती. तो तक्ता कुणासाठी, हे त्या लेखातच स्पष्ट आहे: ज्याचा वरचा भाग गरजेपेक्षा जास्त ओढतो आणि खालचा मागे पडतो, त्याच्यासाठी. माझ्या हमालाचा वरचा भाग वर्षानुवर्षं ओझ्याखाली ताणून थकलेला होता. त्याला तो जागा करायला हवा होता, आणि मी तोच निजवणारे व्यायाम निवडून देत होतो. आजार उलटा, औषध तेच.

आकड्यांच्या बाबतीतही मी घाई केली. या मोजमापात प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या सर्वाधिक जोराला शंभर धरून बाकी टक्केवारी काढतात. ती टक्केवारी म्हणजे स्नायूचा जोर नव्हे. त्याच्यापर्यंत पोचलेल्या आज्ञेचा, कातडीवरून ऐकू आलेला अंदाज आहे. शिवाय मोजलेली माणसं निरोगी. दुखणाऱ्या खांद्यात मेंदू स्नायूंचा क्रमच बदलून टाकतो. कुणी उशिरा जागा होतो, कुणी आधीच आवळून बसतो. मी मात्र जास्त टक्के म्हणजे चांगला व्यायाम, असं धरून चाललो होतो.

हमालाचं पुढे सरळ झालं. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि तो हात वर नेत असताना फऱ्याचं खालचं टोक माझ्या हातानं बाहेर आणि वर ढकलत नेलं. बेन किब्लर या अमेरिकन अस्थितज्ज्ञांनी रूढ केलेली ही चाचणी मला परीक्षेपासून पाठ होती. हात वर गेला आणि तो म्हणाला, “आता नाही दुखलं.” मग त्याला हात डोक्यावर उचललेले ठेवून खांदे वर चढवायचा व्यायाम दिला. इतके दिवस मी ज्याला मनाई केली होती नेमका तोच.

पोलीस भरतीच्या पोराची गोष्ट याच्या उलट. भरतीत मुलांना ७.२६ किलोचा गोळा फेकावा लागतो. हात उचलला की त्याचा खांदा कानाला भिडायचा. त्याला मी रबरी पट्टा देऊन उभ्यानं ओढायला लावलं, आणि तो तगडा म्हणून पट्टा जाड करत गेलो. पट्टा जितका जड, तितका वरचा भाग जास्त मदतीला धावायचा. कूल्स यांचा तक्ता खरं तर याच पोरासाठी होता, पण झोपून, कोपर कमरेला लावून, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलायची हे त्याला आणि मलाही तगड्या माणसाला न शोभणारं वाटलं. हलका व्यायाम म्हणजे कमी दर्जाचा, हा समज त्याचाच नव्हता, माझाही होता. त्याची ती भरती दुखऱ्या खांद्यानंच गेली.

भिंतीवर हात टेकून जोर काढायचा व्यायाम हीसुद्धा माझी आवडती सवय होती. सोपा, म्हाताऱ्यांनाही जमणारा, साडी नेसून करता येणारा. पॉला लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली जोर काढण्याचे वेगवेगळे प्रकार मोजले. जमिनीवरचा जोर, आणि कोपरं सरळ झाल्यावरही पुढे ढकलत पाठीचा वरचा भाग छताकडे उचलण्याचा शेवटचा टप्पा, यात सेराटस सर्वांत चांगला काम करतो आणि वरचा ट्रॅपेझियस त्यामानानं शांत राहतो. भिंतीवर हा तोल तितका चांगला राहत नाही. म्हणून भिंत ही पहिली पायरी. तिथून टेबल, मग गुडघे, मग जमीन. मी लोकांना पहिल्या पायरीवर उभं करून सोडून द्यायचो. आणि शेवटचा टप्पा, ज्यासाठी हा व्यायाम द्यायचा, तो तर मी शिकवतच नव्हतो. कोपरं सरळ झाली की म्हणायचो, “झालं, परत या.” तालमीत जोर मारलेला माणूस पाहिला तर तो वर येताना पाठ भरून उचलतो. ते मी लहानपणापासून पाहत होतो.

आता ज्या बाईंबद्दल लिहायचं टाळत आलो, त्यांच्याबद्दल.

चाळिशीतल्या, शेतात राबणाऱ्या, जिल्ह्यातल्याच एका खेड्यातून एसटीनं यायच्या. सोबत त्यांचे दीर असायचे. चिठ्ठीवर खांद्याचं दुखणं, फिजिओथेरपी एवढंच. त्यांचं म्हणणं असं की हात खांद्याच्या उंचीला येतो, पुढं जाईना. परात फळीवर ठेवता येईना, आंबाडा घालता येईना, आणि खांदा ओढल्यासारखा होतो. मी त्यांचा हात माझ्या हातात घेऊन वर नेला. पूर्ण वर गेला. तिथंच थांबायला हवं होतं. खांदा आखडला असेल तर तो दुसऱ्यानं उचलूनही जात नाही. इथे सांधा मोकळा होता आणि बाई स्वतः उचलू शकत नव्हत्या. असं झालं की पहिला प्रश्न हा: स्नायू तुटला आहे, की त्याच्याकडे जाणारी नस गेली आहे? मी कागदावर ‘अशक्तपणा’ असं लिहिलं आणि पुढे गेलो.

त्यांची पाठ मी पाहिली नाही. त्या वेळी माझा दवाखाना म्हणजे एक खोली, दोन टेबलं, काचेचा दरवाजा आणि बाकावर बसलेली पेशंटची माणसं. पडदा नव्हता. स्त्री मदतनीस नव्हती. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या बाईला ब्लाऊज सैल करून पाठ दाखवा असं सांगणं मला अवघड वाटलं, आणि त्यांनीही दाखवली नसती. म्हणून पदरावरूनच फरा चाचपला. त्याला मी मर्यादा पाळणं समजत होतो. खरं पाहता ती माझी सोय होती. एक पडदा आणि एक बाईमाणूस, एवढी व्यवस्था मला परवडत नव्हती असं नाही. तिची गरज मला वाटली नव्हती.

पुढचे काही महिने मी त्यांना वजन घेऊन खांदे उचलायला लावले, पट्टा ओढायला लावला. त्यांनी घरी एकही दिवस चुकवला नाही, असं दीर सांगायचे. हात तेवढाच राहिला. मी व्यायाम वाढवले.

परभणीच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी घाम पुसायला पदर मानेवरून बाजूला केला आणि मला मानेच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा, भरलेला व्रण दिसला. हे काय, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “गाठ काढली व्हती. टीबीची निघाली. गोळ्या झाल्या पुऱ्या.” कधी? हात जायच्या आधी थोडे दिवस. मग सांगितलं का नाही? “तुम्ही इच्यारलं नाही. मला वाटलं, त्याचा अन् हाताचा काय संबंध.”

संबंध सरळ होता, आणि तो मला माहीत असायला हवा होता. मेंदूकडून निघणाऱ्या नसांपैकी अकरावी नस मानेच्या बाजूनं, कातडीखाली फार खोल नव्हे अशी, गाठींच्या मधून जाते आणि ट्रॅपेझियसला आज्ञा पोचवते. त्या भागातली गाठ काढताना तिला इजा होण्याची जोखीम सर्जनना चांगली माहीत असते. सगळ्यात नामांकित ठिकाणीही अशी इजा घडते. गाठ कुणी काढली याच्याशी मला देणंघेणं नाही. माझ्यासमोर बाई महिनोन् महिने बसल्या होत्या आणि मानेवर काही शस्त्रक्रिया झाली का, एवढा प्रश्न मी विचारला नव्हता.

शेजारच्या दवाखान्यातल्या सिस्टरना बोलावलं, चादरीचा आडोसा केला आणि पहिल्यांदा दोन्ही फरे शेजारी शेजारी पाहिले. मानेपासून खांद्याकडे उतरणारा भरीव उतार त्या बाजूला खचला होता. फरा मणक्यापासून बाहेर आणि खाली सरकला होता. हात बाजूनं उचलायला सांगितला तशी फऱ्याची आतली कड उचलली गेली. सेराटसची नस गेली असेल तर हात पुढे ढकलताना फरा उठतो. ट्रॅपेझियसची गेली असेल तर हात बाजूनं उचलताना. हा फरक बघायला मिनिटसुद्धा लागलं नाही. ज्या स्नायूपर्यंत आज्ञाच पोचत नव्हती, त्याला मी भिंतीवरची टक्केवारी पाहून व्यायाम देत होतो.

मोठ्या शहरात पाठवून नसेची तपासणी झाली. नस गंभीर जखमी होती. तुटलेली नस जोडायची तर पहिले काही महिने महत्त्वाचे. साधारण सहा महिन्यांच्या आत झालं तर चांगलं, असं बहुतेक सर्जन मानतात. तो काळ उलटून गेला होता, आणि त्यातला बराच माझ्या टेबलावर गेला होता. दुसरे स्नायू हलवून फऱ्याला आधार देण्याची शस्त्रक्रिया आहे, पण घरच्यांनी ती नको म्हटलं. मी त्यांना आणि दिरांना समोर बसवून सांगितलं की मला हे आधी कळायला हवं होतं, आणि उशीर माझ्यामुळे झाला. घेतलेले पैसे परत केले. त्यानं हात वर गेला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मंग आता व्यायाम करू का नको?”

करा म्हटलं, पण वेगळे. जे स्नायू शाबूत होते त्यांच्यासाठी हलके, आणि हाताला ओझ्यापासून वाचवणारे. घागर, पाटी, बादली त्या हातानं उचलायची नाही. बसताना कोपर मांडीवर किंवा उशीवर टेकवायचं, म्हणजे लोंबत्या खांद्याची ओढ कमी होते. ओढ कमी झाली. हात फळीपर्यंत आजही जात नाही.

त्यानंतर मी दवाखान्यात पडदा लावला. शिंप्याकडून मागून उघडे, नाड्यांचे सुती गाऊन शिवून घेतले. एक ताई मदतीला असतात. पुरुषांना शर्ट-बनियन काढायला सांगतो, बायकांना ताई गाऊन घालायला देतात, आणि मग दोन्ही हातांत छोटं वजन देऊन काही वेळा सावकाश वर-खाली करायला लावून मागून पाहतो. वजनाशिवाय न दिसणारी गडबड वजन घेतल्यावर, आणि विशेषतः हात खाली आणताना दिसते. एखाद्या बाईंची तयारी नसते, तेव्हा ताई आत जाऊन पाहतात आणि मला सांगतात. ताईंना काय पाहायचं ते मी शिकवलं आहे.

पाहायला लागल्यावर आणखी एक चूक केली, तीही नोंदवतो. दिसेल तो फरा मला दोषी वाटू लागला. मधुमेहाच्या माणसांत खांदा आखडतो तेव्हा फरा जास्त हलतो, कारण सांधा हलत नाही आणि फरा त्याची भरपाई करतो. अशा काहींचा फरा मी पट्ट्या चिकटवून दाबून ठेवला, म्हणजे त्यांच्या हाताची उरलेली वाटही अडवली. कॉलेजच्या एका मुलीला ‘तुझा फरा बाहेर आलाय’ असं सांगून घाबरवलं. काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांचे दोन फरे सारखे नसतात. तिला कशाचीही गरज नव्हती.

मागे कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत एक शेतकरी आला. सोळा लिटरचा पंप दिवसभर पाठीवर, पट्टे खांद्यात रुतलेले. हात पुढे ढकलताना फरा उठत होता. जड ओझ्याच्या पट्ट्यांनी सेराटसच्या नसेवर ताण येऊन असं होऊ शकतं. त्याला व्यायामाचा कागद न देता आधी पंप उतरवायला लावला आणि त्याच आठवड्यात नसेच्या तपासणीला पाठवलं. अशा दाबाच्या इजेत पुष्कळदा महिन्यांनी, कधी वर्ष-दीड वर्षानं नस आपोआप सावरते, आणि तोपर्यंत स्नायूवर जोर लावायचा नसतो. धीर धरा, हे सांगणंही आमच्याच कामात येतं.

वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. मानेची गाठ काढल्यावर किंवा मानेच्या बाजूला कोणतीही शस्त्रक्रिया झाल्यावर हात उचलायला त्रास होऊ लागला, खांदा एका बाजूला उतरल्यासारखा दिसू लागला, तर व्यायामानं बरं होईल म्हणून थांबू नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्या शस्त्रक्रियेबद्दल तुम्ही सांगा, आणि नसेची तपासणी लवकर करून घ्या. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, पाठ पाहिल्याशिवाय खांद्याचा व्यायाम लिहून देऊ नका. दवाखान्यात पडदा नसेल तर आधी पडदा लावा.